परलोकाचा पुरावा कोणी द्यावयाचा?

अभ्यासशिबिरात श्रद्धा-अंधश्रद्धेचा विषय निघाला की श्रोत्यांतून एक प्रश्न हटकून येतो : "मृत्यूनंतर काहीच उरत नाही, हे तुम्ही सिद्ध करू शकता काय?" विचारणारा बहुधा सज्जन असतो. त्याला वाद घालावयाचा नसतो. घरातले कोणीतरी नुकतेच गेलेले असते. उत्तर देणारा कार्यकर्ता मात्र गडबडतो. मेंदूच्या पेशी, ऊर्जेची अक्षय्यता असे इकडूनतिकडून वाचलेले चार शब्द तो बोलतो आणि शेवटी "आत्मा नाही, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे," असे ठोकून देतो. समोरचा शांतपणे विचारतो, "कोणत्या प्रयोगाने?" कार्यकर्ता तेथे हरतो. त्याने हरावे हे योग्यच होय. कारण जे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची नव्हती ती त्याने आपण होऊन शिरावर घेतली, आणि ज्याची होती त्याला मोकळे सोडले.

जो विधान करतो त्याने ते शाबीत करावे, हा दंडक काही नास्तिकांनी शोधून काढलेला नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १०१ व्या कलमात तो होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १०४ व्या कलमातही तो कायम आहे. परंतु कायद्याची पुस्तके उघडण्याचीही गरज नाही. दख्खनच्या शेतकऱ्याला हा दंडक स्वतःच्या पाठीवरच्या वळांवरून ठाऊक आहे. मे १८७५ मध्ये सुपे गावापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जो उठाव पसरला, त्यात लोकांनी मुख्यतः काय केले? खतपत्रे आणि कर्जरोखे मिळवून जाळले. निरक्षर कुणब्याने ज्यावर निशाणी केली तो कागद काय बोलतो हे फक्त सावकाराला वाचता येत होते, आणि न्यायालय कागदाखेरीज काही पाहावयास तयार नव्हते. 'मी एवढे घेतलेच नाही' हे कुणब्याने सिद्ध करावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. मागणी करणाऱ्याने हिशेब दाखवावा, एवढीच ती साधी गोष्ट; पण तिच्यासाठी आधी गावे पेटावी लागली.

मराठीत 'मागल्या जन्मीचे देणे' असा एक शब्दप्रयोग आहे. मूल अपंग जन्मले, नवरा दारुडा निघाला, जमीन गेली की तो सहज तोंडी येतो. हेही एक खतच होय. ते कोणी लिहिले, कोणासमोर लिहिले, मुद्दल किती, फेड किती झाली, यांपैकी काहीही ऋणकोला दाखविले जात नाही. वसुली मात्र रोजच्या रोज चालू असते.

हा वाद या देशात नवा नाही. पाली त्रिपिटकातील दीघनिकायात 'पायासिसुत्त' नावाचे एक विलक्षण प्रकरण आहे. कोसल देशातील सेतव्या नगरीचा पायासि हा सत्ताधीश. परलोक नाही आणि बऱ्यावाईट कर्माचे फळही नाही, असे त्याचे मत. कुमार कस्सप नावाच्या भिक्षूशी त्याचा संवाद होतो. पायासि केवळ मत मांडून थांबत नाही, आपण काय काय करून पाहिले ते सांगतो. दुराचारी आप्त मरणपंथाला लागले तेव्हा त्याने त्यांना गाठून विनंती केली होती, की नरक असेल तर परत येऊन मला सांगा. त्यांनी कबूल केले. कोणी आले नाही. सदाचारी आप्तांनाही तेच सांगितले. तेही आले नाहीत. कस्सपाची उत्तरे मोठी चतुर आहेत. वधस्तंभाकडे नेला जाणारा चोर 'घरी जाऊन येतो' म्हणाला तर राजपुरुष त्याला सोडतील काय? मैलाखड्यातून बाहेर काढून, न्हाऊमाखू घालून प्रासादात बसविलेला मनुष्य पुन्हा त्या खड्ड्यात उतरेल काय? शिवाय तावतिंस देवांचा एक दिवस म्हणजे मनुष्यांची शंभर वर्षे. स्वर्गस्थ आप्त दोन-तीन दिवसांनी जाऊ म्हणतील, तोवर पायासि जिवंत कोठून असणार?

यावर पायासि जे विचारतो ते त्या संपूर्ण सुत्तातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. असे देव आहेत आणि ते एवढे दीर्घायुषी आहेत, हे तुम्हांला कोणी सांगितले, असे तो विचारतो. म्हणजे न आलेल्या साक्षीदाराची गैरहजेरी समजावून देण्यासाठी जी माहिती पुढे केली जात आहे, तिलाच तर साक्षीदार हवा आहे. या प्रश्नाला कस्सपाकडे उत्तर नाही, दृष्टान्त आहे. जन्मांध मनुष्य रंग नाहीत म्हणतो, तसे तुझे झाले आहे. दृष्टान्त सुंदर आहे, पण तो पुरावा नव्हे. आंधळ्याला रंगांचे अस्तित्व पटवून देता येते : दहा डोळसांना वेगवेगळे विचारावे, ते न ठरविता तेच तेच रंग सांगतात. परलोक पाहिल्याचे सांगणाऱ्यांना वेगवेगळे विचारले तर प्रत्येक जण आपापल्या धर्माचा परलोक वर्णितो.

या राजाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र दडवून चालणार नाही. जीव बाहेर पडताना दिसतो काय हे पाहण्यासाठी त्याने एका चोराला जिवंतपणी रांजणात कोंडून, तोंड लिंपून, खाली जाळ लावविला होता. दुसऱ्याला आधी जिवंत तोलून, मग गळा आवळून पुन्हा तोलले होते. पुरावा मागणाऱ्याच्या प्रयोगाचा खर्च चोराने भरला. या पानाच्या वाचकांनी तरी पायासिला आपला पूर्वज म्हणून मिरवू नये. त्याचा प्रश्न तेवढा घ्यावा.

सुत्ताचा शेवट पाहण्यासारखा आहे. पायासि शरण जातो, दानही सुरू करतो, पण कणीकोंड्याचे आणि जाड्याभरड्या वस्त्रांचे. मेल्यावर त्याला एका ओसाड विमानात जागा मिळते. त्याच्या हाताखालचा उत्तर नावाचा तरुण मनापासून दान देतो, तो तावतिंस देवांत जातो. गवंपति नावाच्या भिक्षूला परलोकी भेटून पायासि स्वतः हे सांगतो आणि लोकांना कळविण्याची विनंती करतो. जो साक्षीदार पायासिला आयुष्यभर मिळाला नाही, तो रचनाकाराने कथेअखेर पायासिलाच केले! आणि त्याची साक्ष कशाविषयी? दान हलक्या प्रतीचे देऊ नये, याविषयी. हे सुत्त ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखले त्यांचा निर्वाह दानावर होता, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

पुढचा तराजू अमेरिकेतला. मॅसॅच्युसेट्समधील हॅव्हरहिल येथील डंकन मॅक्डूगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांना खाटेसह तराजूवर ठेवले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण एकूण सहा. पहिल्याच्या मृत्यूबरोबर पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम वजन घटल्याचे त्याने नोंदविले. दोन मोजमापे त्याने स्वतःच बाद धरली, आणि उरलेल्यांचा एकमेकांशी मेळ बसेना. तरीही 'आत्म्याचे वजन २१ ग्रॅम' ही वार्ता आजतागायत फिरते आहे. गंमत अशी, की पायासिच्या तराजूवर प्रेत जड भरले होते. तापलेला लोहगोल हलका असतो आणि थंड झालेला जड, तसे जीव गेलेले शरीर जड होते, असा कस्सपाचा खुलासा होता. शरीर जड झाले तरी आत्मा सिद्ध, हलके झाले तरी आत्मा सिद्ध. काटा कोणीकडेही झुकला तरी निकाल ठरलेला असेल, तर तराजू आणलाच कशासाठी?

असा तराजू पाहावयास लांब जाण्याचे कारण नाही. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवून कावळा शिवण्याची वाट पाहणे, हा महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांचा अनुभव आहे. कावळा शिवला तर मृताची इच्छा तृप्त झाली. न शिवला तर काही राहून गेले. मग एकेक जण पुढे होतो : धाकटीचे लग्न आम्ही करू, भावाचे पैसे फेडू, म्हातारीला अंतर देणार नाही. तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पूर्ण होतो. परीक्षा म्हणून पाहिले तर हिच्यात नापास होण्याची सोयच नाही. उलट, चार माणसांसमोर जिवंतांनी जिवंतांची जबाबदारी उघडपणे स्वीकारावी, अशी जागा म्हणून पाहिले तर या विधीत काहीतरी खरे घडते. धाकटीचे लग्न खरेच होते, भावाचे पैसे खरेच फिटतात. ते घडविण्यासाठी मृताचा आत्मा कावळ्यात असावा लागत नाही, आणि ते घडते म्हणून तो असतो असेही ठरत नाही.

श्राद्धाचे अन्न परलोकी पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी का बांधावी, त्याच्या नावाने घरीच जेवू घालावे, अशा अर्थाचा चार्वाकांचा सवाल चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी खंडनासाठी म्हणून का होईना नोंदवून ठेवला. गंगेचे पाणी ओंजळीने आपल्या शेताच्या दिशेने उडविणाऱ्या सत्पुरुषाची गोष्ट गाडगे महाराजांच्या नावावर सांगितली जाते, आणि गुरु नानकांच्या नावावरही. ती कोणाची हे महत्त्वाचे नाही. तोच प्रश्न शतकानुशतके पुन्हा पुन्हा विचारावा लागला, याचा अर्थ त्याला एकदाही उत्तर मिळाले नाही.

'हल्ली परदेशांत यावर संशोधन झाले आहे' असे जे शिबिरात सांगितले जाते, तेही तपासून घ्यावे. सॅम पार्निया आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातील १५ रुग्णालयांत हृदयक्रिया बंद पडलेल्या २०६० प्रसंगांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. खोल्यांत उंच फळ्यांवर केवळ छताकडूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. आत्मा खरोखरच देहाबाहेर तरंगत असेल तर त्याला ती दिसावीत. प्रामाणिक योजना होती. वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती झाल्या. त्या वेळचे पाहिल्याऐकल्याची स्पष्ट आठवण सांगणारे दोन टक्के निघाले, आणि त्यांचे प्रसंग फळी नसलेल्या खोल्यांतले होते. चित्र कोणीही पाहिले नाही. याला परलोकाचा पुरावा म्हणता येत नाही; परलोक खोटा ठरला असेही म्हणता येत नाही. पुरावा अजून यावयाचा आहे, एवढेच म्हणता येते.

व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी पूर्वजन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या कहाण्या आयुष्यभर जमविल्या. १९६६ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात त्यांनी या प्रकरणांना पुनर्जन्म 'सुचविणारी' म्हटले, 'सिद्ध करणारी' नव्हे. त्यांचे नाव घेऊन व्याख्याने झोडणाऱ्यांनी हा एक शब्द सोयीस्करपणे गाळला आहे. याच स्टीव्हन्सन यांनी एका कुलपाचा गुप्त संकेत ठरवून ठेवला होता. मृत्यूनंतर तो कोणाला तरी कळवावा आणि कुलूप उघडावे, असा बेत होता. २००७ मध्ये ते वारले. कुलूप उघडल्याची वार्ता नाही. पायासिने आप्तांकडे मागितलेलाच हा पुरावा. फरक एवढाच, की या वेळी तो विश्वास ठेवू इच्छिणाऱ्याने स्वतःकडे मागितला, आणि कोणाचा जीव न घेता. अशा माणसाशी मतभेद असला तरी त्याला दाद द्यावयास हवी.

'नाही' हे कधीच सिद्ध करता येत नाही, असे काही तर्कपटू म्हणतात. तेही सर्वस्वी खरे नाही. गावच्या विहिरीत मगर नाही हे विहीर उपसून दाखविता येते. परलोकाची विहीर मात्र अशी बांधलेली आहे, की ती कोणालाच उपसता येऊ नये. न दिसणारा, न तोलता येणारा, न बोलणारा आत्मा नाकारता येत नाही हे कबूल. पण मग त्याच्या आधारावर कोणाकडून काही मागताही येता कामा नये.

आणि मागितले तर पुष्कळच जाते. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात असे सांगितले आहे, की ज्यांचे आचरण रमणीय ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जातात, आणि ज्यांचे निंद्य ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. मृत्यूनंतरचे हे विधान जिवंतपणी पाणवठ्यावर अमलात आणले गेले. कोणत्याही न्यायालयात आरोपीला निदान आरोप वाचून दाखवितात. येथे गुन्हा कोणता, केव्हाचा, फिर्यादी कोण, काहीच सांगितलेले नाही. शिक्षा भोगतो आहेस यावरून गुन्हा केला असशील असे ठरविले आहे. म्हणूनच बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची जात नि दारिद्र्य ठरविणारी उपपत्ती त्यांनी निक्षून नाकारली. पायासिसुत्त ज्या परंपरेत जतन झाले तिचा स्वीकार करतानाही त्यांनी तिच्याकडे पुरावा मागितला, हे विसरता येत नाही.

"आधी भाकरीचा प्रश्न सोडवा, आत्म्याचे मागाहून पाहू," असे चळवळीतले जुनेजाणते म्हणतात. ते ज्या गावात राहतात तेथे पितृदोष निघालेल्या घराने त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर भाकरीचे पैसे कसे उभे केले, हे त्यांनी एकदा विचारून यावे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे परिशिष्टही वाचावे. मागील जन्मी तू माझी पत्नी, पती किंवा प्रेयसी होतीस असे भासवून लैंगिक संबंध ठेवणे, हे त्यात गुन्हा म्हणून नोंदवावे लागले आहे. पूर्वजन्माचा दावा हा काही पंडितांच्या माडीवरचा निरुपद्रवी विषय नव्हे. तो एखाद्या बाईच्या दाराची कडी वाजवतो. या कायद्यासाठी झिजलेल्या नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. १० मे २०२४ च्या निकालात दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. न्यायालयाने तेथे पुरावा मागितला तो अर्थातच आरोप करणाऱ्या पक्षाकडे. आरोपींना मिळालेला हा न्याय कर्मसिद्धान्ताने चांडाळाला कधी दिला नाही.

हाच दंडक उलटूनही लागतो, हे समाजवाद्यांनी मान्य करावयास हवे. आजचा संप सोसा, आजची उपासमार सोसा, उद्याचा समाज तुमचा आहे, असे आश्वासन त्यांनीही कामगाराला दिलेले आहे. काही देशांत त्या 'उद्या'च्या नावाने माणसे मारली गेली, हेही जगाने पाहिले आहे. हिशेब मागणाऱ्या सभासदाला 'तुला इतिहासाची दिशा कळत नाही' असे ऐकविणारा पुढारी आणि 'तुला परलोकाची दृष्टी नाही' असे ऐकविणारा कस्सप यांच्या उत्तरांत फरक काढणे अवघड आहे.

राहिला तो शिबिरातला सज्जन, ज्याच्या घरचे माणूस नुकतेच गेले आहे. त्याने काही मागितलेले नाही, म्हणून त्याच्याकडे पुरावाही मागावयाचा नाही. "आई कोठेतरी आहे असे वाटते," या वाक्याची उलटतपासणी करणारा कार्यकर्ता बुद्धिवादी नसतो, उर्मट असतो. त्याने दहाव्याला घाटावर जावे, दुःखितांच्या शेजारी उभे राहावे, कावळा येईपर्यंत गप्प राहावे. मात्र तेराव्यानंतर कोणी त्या घरी येऊन पितर अतृप्त असल्याचे सांगू लागला आणि खर्चाचा आकडा काढू लागला, तर कार्यकर्त्याने त्याच ओसरीवर बसून त्याला विचारावे : हे देणे कोणत्या तारखेचे, आणि खत कोठे आहे?